कळी आली का गं?

बालमित्रांनो, मागच्या पावसाळ्यात पाचवीतला एक मुलगा मला म्हणाला, "बाई, मी गुलाबाला रोज पाणी घालतो, तरी तो रुसलाय. पानं पिवळी पडून गळतात." मी विचारलं, "ऊन किती वेळ येतं रे?" तो म्हणाला, "ऊन? आमच्या परसात ऊन येतच नाही."

मला हसू आलं नाही. तोच घोटाळा माझ्याही घरी चालू होता ना!

आमचं घर तळमजल्यावर. पुढे चिमुकलं अंगण. सासूबाईंनी गावाहून आणलेला मोगरा तिथं कुंडीत होता. उन्हाळ्यात रोज ओंजळभर फुलं निघायची. मग समोर चार मजली इमारत उभी राहिली आणि अंगणातलं ऊन गेलं. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच फुलं आली, दुसऱ्या उन्हाळ्यात एकही नाही. सासूबाई आता फारशा उठत नाहीत. कॉटवरूनच विचारायच्या, "कळी आली का गं?" मी म्हणायचे, "येईल हं, आई." आणि जाऊन आणखी एक तांब्या पाणी ओतायचे, वर मूठभर खत. मुलांना विज्ञान शिकवणारी बाई मी, तरीसुद्धा!

आता बघा, चुकत कुठं होतं. पान उन्हात स्वतःचं अन्न तयार करतं, हे तुम्ही पुस्तकात वाचलंय. ऊन कमी म्हणजे स्वयंपाक कमी. मग झाड पाणीही कमीच पितं, शिवाय सावलीत माती लवकर वाळत नाही. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा असते. मुळं त्या हवेवर श्वास घेतात. आपण रोज पाणी ओतलं की पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात, माना टाकतात. आपल्याला वाटतं, अरेरे, तहान लागली! आणि आपण पुन्हा तांब्या उचलतो.

म्हणून आधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं. माती ओली लागली तर पाणी नाही. आमच्या घरी हा नियम सगळ्यांना लागू आहे, आजोबांनासुद्धा.

मी एका रविवारी कुंडी आडवी करून मोगरा बाहेर काढला. तळाचं भोक मातीनं बुजलेलं, निम्मी मुळं काळी आणि वास मारणारी. ती कापून टाकली. भोकावर खापरीचा तुकडा ठेवला. माती, वाळू आणि जुनं शेणखत मिसळून झाड पुन्हा लावलं. फांद्या लांबुळक्या, पाना-पानांत बोटभर अंतर, सगळा कल रस्त्याच्या बाजूला. बिचारा प्रकाश शोधत होता!

मग माझ्या मुलीनं एक छान काम केलं. सकाळपासून दर तासाला अंगणात जाऊन ऊन जिथं पडेल तिथं खडूनं रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली. संध्याकाळी हिशेब झाला: नळाजवळच्या पायरीवर सव्वा तास ऊन, बाकी कुठंच नाही. मोगऱ्याला तर फुलायला निदान पाच-सहा तास हवं. तुम्हीही हा खेळ करा, पण वर्षातून दोनदा. आपल्या महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा घराच्या उत्तरेचं अंगण सावलीत असतं. मे ते जुलैमध्ये तो दुपारी अगदी डोक्यावर येतो, तेव्हा त्याच अंगणात ऊन येऊ शकतं.

थोडक्यात, मोगऱ्याला आमच्याकडे जागाच नव्हती. हे सासूबाईंना कसं सांगायचं, याच विचारात मी होते. शेवटी मुलगीच समोरच्या इमारतीत जाऊन गच्चीवर कुंडी ठेवायची परवानगी घेऊन आली. ज्या इमारतीनं ऊन नेलं, तिच्याच डोक्यावर मोगरा! एकदम कडक उन्हात नेलं तर सावलीतली पानं करपतात, म्हणून आधी आठ-दहा दिवस जिन्याच्या आडोशाला ठेवला. जानेवारीत छाटणी केली. मुलगी रोज शाळेआधी चार मजले चढायची, माती चाचपायची आणि लागलं तरच पाणी घालायची.

अंगण रिकामं ठेवलं नाही हं. तिथं अळू, विड्याच्या पानांची वेल आणि नेचे लावलेत. पाहुण्यांनी दिलेला मनीप्लांटही आहे, पण तो उंच टांगलाय. त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते, आणि शेजारचं बाळ रांगतं आहे. महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पानांवरची धूळ पुसतो, कारण मुळातच थोडा असलेला उजेड धुळीनं आणखी अडतो.

मार्चच्या शेवटी एका सकाळी मुलगी धावत खाली आली. तांब्यात तीन फुलं. सासूबाईंनी ती हातात घेतली, डोळे मिटून वास घेतला आणि माझ्याकडे संशयानं बघून म्हणाल्या, "बाजारातली नाहीत ना गं?"