धीर धरा म्हणण्याआधी भाकर



रविवारच्या मिस्सामध्ये आपण सीमेवरच्या जवानांसाठी प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. पण जवानाची पत्नी, आई, लेकरे कुठल्यातरी मंडळीत बाकावर बसलेली असतात आणि त्यांच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते : "धीर धरा, देव आहे." हे वाक्य खरे आहे, पण आम्हांला ते पुरेसे वाटत नाही.

कडोदऱ्यात घरापासून दूर राहणे कुणाला नवे नाही. मिलमध्ये, लूमवर राबणारे कित्येक जण गावाकडे कुटुंब ठेवून आलेले असतात. त्यामुळे जवानाच्या पत्नीचे एकटेपण इथे कुणाला वेगळे वाटत नाही. पण मिल कामगार पाळी सुटली की घरी फोन करतो. जवानाचा फोन कधी चार-चार दिवस लागत नाही, आणि तेवढ्यात टीव्हीवर चकमकीची बातमी येते. मग झोप उडते, घास उतरत नाही, मुलांवर उगाच हात उगारला जातो. छावणीतली शेजारीण हे न सांगता ओळखते. भाड्याच्या खोलीत कोण ओळखणार?

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्यांचे धैर्य वंदनीय आहे. पण त्या धैर्याने इतर बायकांना मोजू नये. जी रडते, घाबरते, ती देशाला किंवा देवाला कमी पडली असे नाही.

राजांच्या पहिल्या ग्रंथाचा १९ वा अध्याय काढून पाहा. कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला एलीया रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. देवदूत त्याला भाकर-पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. बोलणे त्यानंतर होते.

आपणही तोच क्रम पाळावा. जेवणाचा डबा न्यावा, मुलांना तासभर सांभाळावे, ती बोलू लागली की मध्येच वचन न सांगता ऐकावे. त्रास हटत नसेल तर सोबत डॉक्टरकडे जावे. जगणे नको असे ती म्हणाली, तर त्याच दिवशी. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास समुपदेशक मिळतात. सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात टेलिमानसचा खास कक्षही सुरू झाला. असा फोन करणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. एलीयानेही समोर आलेली भाकर नाकारली नाही.

हे प्रभो, जो सीमेवर जागा आहे त्याला राख. आणि जी घरी जागी आहे तिच्या दाराशी आम्हांला पाठव. आमेन.