गाडीला दाखला, चालकाला काय?

होटगी परिसरातील सिमेंट वाहून नेणाऱ्या ट्रकला योग्यतेचा दाखला लागतो. भरलेल्या मालाचे काट्यावर वजन होते. चालकाचा रक्तदाब मात्र क्वचितच मोजला जातो. तासन्‌तास बैठक, रात्रीचे जागरण, ढाब्यावरचे तेलकट-खारट जेवण आणि झोप उडविण्यासाठी विडी-तंबाखू, अशी हृदयविकाराची बहुतेक कारणे या एकाच व्यवसायात एकवटली आहेत. त्यातून रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वाढतो. धावत्या गाडीत चालकाच्या छातीत कळ आली, तर संकट त्याच्या एकट्याचे राहत नाही.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला सर्वसाधारणपणे ८ तासांची मर्यादा घातली. परंतु तो पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरताच होता. एकदोन ट्रकांच्या मालकाकडील चालक त्याबाहेरच राहिला.

उपाय अवघड नाही. माल भरण्यासाठी गाडी थांबते, तेवढ्या वेळात कारखान्याच्या दाराशीच रक्तदाब व रक्तशर्करा तपासता येईल. कारखानदार व वाहतूकदार यांनी तो खर्च वाटून घ्यावा. मात्र तपासणीत दोष आढळला म्हणून चालकाची रोजी जाता कामा नये. अन्यथा तो दुखणे लपवील आणि तपासणी निरर्थक ठरेल.