पर्यावरणाचा धर्म : किनाऱ्यावर एक, डोंगरात दुसरा?

१६ ऑगस्ट २०२२ रोजी केरळमधील तिरुवनंतपुरम धर्मप्रांताच्या चर्चवर काळे झेंडे लागले आणि धर्मगुरू मच्छीमारांना सोबत घेऊन विझिंजम बंदराच्या प्रवेशद्वाराशी जाऊन बसले. समुद्रात घातलेल्या भरावामुळे आणि लाटारोधक भिंतीमुळे किनाऱ्याची धूप वाढली, घरे वाहून गेली, असा त्यांचा आरोप होता. बांधकाम थांबवून शास्त्रीय अभ्यास करा, ही प्रमुख मागणी होती. आंदोलन तीन महिन्यांहून अधिक काळ चालले. नोव्हेंबरच्या अखेरीस हिंसाचार झाला, पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, गुन्ह्यात खुद्द आर्चबिशपांचे नाव आले. ६ डिसेंबरला आंदोलन मागे घेण्यात आले.

याच राज्यात नऊ वर्षांपूर्वी, म्हणजे नोव्हेंबर २०१३ मध्ये, ख्रिस्ती धर्मगुरू रस्त्यावर उतरले होते ते मात्र नेमक्या उलट कारणासाठी. पश्चिम घाटाच्या संरक्षणाचा अहवाल रद्द करा, ही तेव्हाची मागणी होती. किनाऱ्यावरचे चर्च लॅटिन परंपरेचे, तर इडुक्कीच्या डोंगरातले सिरो-मलबार परंपरेचे हे खरे. पण दोघेही रोमच्या पोपलाच मानतात. मग सृष्टीचे रक्षण ही ख्रिस्ती माणसाची धार्मिक जबाबदारी आहे, या शिकवणीचा अर्थ किनाऱ्यावर एक आणि डोंगरात दुसरा कसा झाला?

ही शिकवण नवी नाही. अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात निसर्गाच्या आजच्या दुरवस्थेचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात शोधले होते. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणसाला सर्व प्राणिमात्रांवर अधिकार दिला आहे; त्यातूनच ओरबाडण्याचा परवाना मिळाला, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. धर्मपंडितांनी त्यावर दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवले. तिथे माणसाला बाग कसण्यासाठी आणि राखण्यासाठी ठेवले आहे. म्हणजे तो मालक नव्हे, विश्वस्त. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यावा, असा दंडकही जुन्या करारात आहे. पुढे १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसीच्या संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केले. १९९० च्या जागतिक शांतता दिनाचा त्यांचा संदेश पर्यावरणावरच होता. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक आले, त्यात निसर्गाचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे मानता येणार नाहीत, अशी भूमिका होती. त्यांच्यानंतर आलेले पोप लिओ चौदावे यांच्या काळात, २०२५ मध्ये, सृष्टीच्या जपणुकीसाठी खास मिस्साही रोमन विधीत समाविष्ट झाली. तात्पर्य, सिद्धान्ताच्या पातळीवर काही उणे राहिलेले नाही. इडुक्कीचे आंदोलन 'लाउदातो सी'च्या आधीचे असले, तरी तेव्हा शिकवणच नव्हती असे म्हणता येत नाही.

इडुक्कीत काय घडले, ते जरा तपशिलात पाहायला हवे. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल केंद्राला सादर केला. तो जनतेसमोर यायला २०१२ उजाडले, तेही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. ग्रामसभांचे मत घेऊनच निर्बंध ठरवावेत, असे सांगणारा अहवाल गावांपर्यंत पोहोचला तो इंग्रजीतून आणि त्याहून अधिक अफवांमधून. पुढे कस्तुरीरंगन समितीने तो बराच सौम्य केला. तरीही केरळमधील १२३ गावे संवेदनशील क्षेत्रात आली. १३ नोव्हेंबर २०१३ च्या केंद्राच्या आदेशात खाणकाम, दगडखाणी, वाळू उपसा, औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरवरील बांधकामे यांना मनाई होती. शेतीला मनाई नव्हती. तरीही वेलदोड्याचे आणि मिऱ्याचे मळे जाणार, घर बांधता येणार नाही, गाव उठवणार, अशी भीती डोंगरभर पसरली.

ही भीती निव्वळ अज्ञानातून आलेली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. इडुक्कीतील बहुतेक ख्रिस्ती शेतकरी हे मध्य त्रावणकोरमधून येऊन वसलेले. अन्नटंचाईच्या काळात, १९४० च्या दशकात, सरकारनेच त्यांना डोंगरात जमीन कसायला प्रोत्साहन दिले होते. पुढे अनेकांच्या हाती जमिनीचा पट्टा मात्र आला नाही. तीन पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद नसलेल्या माणसाला 'संवेदनशील क्षेत्र' हा शब्द नोटिशीसारखाच ऐकू येणार. वस्तीला रस्ता, शाळा आणि दवाखाना देण्यात चर्चचा मोठा वाटा होता. त्यामुळे शेतकऱ्याच्या बाजूने चर्च उभे राहिले, यात नवल काहीच नव्हते. आक्षेप आहे तो पुढच्या गोष्टीला. शेतकऱ्याच्या खऱ्या भीतीआड दगडखाणीवाल्यांचे हितसंबंध सुखाने उभे राहिले आणि त्यांना वेगळे काढण्याचे काम कुणीच केले नाही. पट्टे द्या आणि खाणी बंद करा, या दोन मागण्या एका दमात करता आल्या असत्या. त्या झाल्या नाहीत.

राजकारणाने वारा ओळखला. मार्च २०१४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, केरळमधील संवेदनशील क्षेत्र १३ हजार १०८ चौरस किलोमीटरवरून ९ हजार ९९३ वर आणण्यात आले. इडुक्कीत चर्चचा आशीर्वाद असलेल्या संरक्षण समितीचे जॉइस जॉर्ज डाव्या आघाडीच्या पाठिंब्यावर निवडून आले. तिथले आधीचे काँग्रेस खासदार पी. टी. थॉमस यांनी गाडगीळ अहवालाची बाजू उघडपणे घेतली होती. त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढण्यात आली आणि पक्षाने त्यांना उमेदवारीही नाकारली. थॉमस हे स्वतः कॅथलिक. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार अंत्यविधीत धर्मगुरू नव्हते, दहन झाले. त्यांची रक्षा मात्र इडुक्कीतील गावच्या चर्चमध्ये, आईच्या थडग्यात ठेवण्यात आली. अहवालाच्या बाजूने बोलण्याची एवढी किंमत त्या वेळी दुसऱ्या कुणी नेत्याने मोजल्याचे दिसत नाही.

२०१८ च्या महापुरात केरळमध्ये चारशेहून अधिक माणसे गेली. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधील मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे दरडीखाली गेली, तिथले बळी अडीचशेहून अधिक. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते, आणि या मृत्यूंचे खापर कुणा एका संस्थेवर फोडणे अन्यायाचे ठरेल. पण सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये अभयारण्यांभोवती एक किलोमीटरचा पट्टा संवेदनशील ठरवला, तेव्हाही डोंगरातल्या चर्चने विरोधाचाच मार्ग धरला. मध्ये एक महापूर आणि एक 'लाउदातो सी' येऊन गेले होते. (तो सरसकट निर्बंध न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये शिथिल केला.)

यावरून एक निष्कर्ष काढावासा वाटतो, आणि तो चर्चला फारसा सुखावणारा नाही. ज्या ठिकाणी आपल्या धर्मग्रामातील माणसांचे पोट आणि निसर्गाचे हित एका बाजूला येते, तिथे चर्च निर्भयपणे उभे राहते. दोहोंत अंतर पडले की शिकवण मागे सरते. विझिंजममध्ये सिमेंटच्या गोदामात संसार मांडून राहणारी कुटुंबे चर्चच्याच प्रार्थनेला येणारी होती. तिथे सरकार आणि विरोधातला भाजप दोघेही बंदराच्या बाजूने असताना चर्चने जे धाडस दाखवले, ते कमी लेखण्याचे कारण नाही. बंदर थांबले नाही. २ मे २०२५ रोजी त्याचे लोकार्पण झाले.

महाराष्ट्रातील वाचकाला या संदर्भात वसई आठवल्यावाचून राहणार नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही समाज तिच्यात होते. वरवर पाहता इथेही हित आणि शिकवण एकत्रच होती : केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलांच्या बागा वाचल्या तर बागायतदार वाचणार. पण वसईचा पेच अधिक अवघड होता. जमीन विकणारा बहुतेकदा गावातलाच असे. टँकर भरत ते गावच्याच विहिरींवर. बिल्डर बाहेरचा, पण सातबाऱ्यावरची सही घरची. अशा वेळी धर्मगुरूला विरोधी पक्षाला नव्हे, समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाला बोलावे लागते. दिब्रिटो यांनी व्यासपीठावरून आणि 'सुवार्ता' मासिकातून ते केले. २०२० मध्ये ते उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. वसई पूर्णपणे वाचली नाही. बावखले बुजली, इमारती आल्या, जुलै २०१८ मध्ये पाणी निचरायला दिवसच्या दिवस लागले. तरीही पश्चिम पट्ट्यात आज जी हिरवाई उरली आहे, तिच्यात त्या अप्रिय बोलण्याचा वाटा आहे.

वायनाडच्या दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. सहा राज्यांतील ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश. त्यात केरळचे २०१४ मध्ये कमी केलेले ९ हजार ९९३ चौरस किलोमीटर तसेच ठेवलेले, तर महाराष्ट्राचे १७ हजार ३४०. हरकतींसाठी साठ दिवसांची मुदत होती. २०१३ च्या गदारोळाला तेव्हा जवळपास अकरा वर्षे होत आली होती, आणि या काळात निघालेला प्रत्येक कागद मसुदाच राहिला होता.