इंजिन उघडल्यावर हेड गॅस्केट कोणते घालावे?

मोशीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात की गाडीचे इंजिन उघडून पडले आहे, मिस्त्री तीन प्रकारची हेड गॅस्केट दाखवतो, तिन्हींचे भाव वेगळे, तर त्यातले कोणते घ्यावे? कुटुंबाच्या पानावर हा प्रश्न कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण या ताईंच्या घरची चूल त्या गाडीवरच चालते. त्या मेस चालवितात. पहाटे चारला उठून सून आणि त्या मिळून साठ डबे भरतात, आणि मुलगा ते जुन्या डिझेल गाडीतून चाकणच्या कामगारांना पोहोचवितो. कारखान्याची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा उशिरा पोहोचला तर माणूस उपाशीच पुन्हा मशीनवर उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा बंद करतो.

पत्र वाचून मी त्यांच्या घरी जाऊन आलो. घडले ते असे. आंबेठाण चौकात वाहतूक तुंबली होती. ती तिथे कधी तुंबत नाही, हा वेगळा प्रश्न आहे. गाडीचा काटा लाल रेषेकडे सरकला. मुलाने तो पाहिला, पण घड्याळही पाहिले, आणि गाडी तशीच रेटली. डबे वेळेवर पोहोचले. गाडी मात्र परतीच्या वाटेवर कुरुळीच्या अलीकडे पांढरा धूर सोडीत बंद पडली. एका गॅरेजवाल्याने एका दिवसात गॅस्केट बदलून दिले. एकोणीस दिवसांनी पुन्हा तेच. पत्र लिहिले ते या दुसऱ्या वेळी.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचे हेड यांच्यामधला पातळ पदर. त्याचे काम पाहू गेल्यास इतक्या पातळ वस्तूकडून इतकी अपेक्षा कुणी करू नये असे वाटते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या घरात जाते. त्याला लागूनच, बोटभर अंतरावर, नव्वद अंशांचे पाणी फिरते, आणि तिथेच तेलाची वाट. वायू, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांच्या घरात जाऊ द्यायचे नाही, हे गॅस्केटचे काम. त्यातून बहुतेक गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचे आणि जुन्या डिझेलचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगते. चारशे मिलिमीटर लांबीचे हेड ऐंशी अंशांनी तापले तर सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते, बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्माच. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापताना आणि निवताना वरचा भाग खालच्या भागावर घासत सरकतो, आणि त्या दोघांत गॅस्केट दबलेले असते.

आता मुख्य गोष्ट. गॅस्केट दुकानात निवडले जात नाही. ते इंजिनावर माप घेऊन निवडावे लागते, आणि दुकानात फक्त आणावे लागते. पहिल्या वेळी हेच राहून गेले.

या ताईंचे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात तीस वर्षे होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोजमापाची हत्यारे कपाटात ठेवून दिली होती. घरच्या गाडीत लक्ष घालावे असे त्यांना वाटले नाही, कारण मुलगा म्हणाला, "बाबा, मिस्त्रीला कळतं." दुसऱ्यांदा गाडी बसली तेव्हा ताईंनीच त्यांना सांगितले, "तुम्ही कंपनीत दुसऱ्यांचे माल नापास करीत होता ना? आता घरचा बघा."

दादांनी प्रथम हेड साफ करून त्यावर स्ट्रेट एज उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवली आणि खालून फिलर गेजची पाती घालून पाहिली. मध्यभागी ०.१२ मिलिमीटरचे पाते आरपार गेले. छोट्या चार सिलिंडरच्या हेडला साधारणपणे ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. नेमकी मर्यादा त्या त्या इंजिनाच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तीच पाहावी. म्हणजे हेड वाकले होते, आणि पहिल्या वेळी ते न तपासताच वर नवे गॅस्केट टाकून बोल्ट आवळले गेले होते. जगातले सर्वांत महाग गॅस्केट घातले असते तरी ते टिकले नसते.

मग ब्लॉकचा माथा तपासला. तो सपाट निघाला. त्यानंतर त्यांनी डायल गेज ब्लॉकच्या माथ्यावर शून्यावर लावून एकेक पिस्टन वर आणला आणि तो ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते मोजले. प्रत्येक पिस्टनवर दोन ठिकाणी, पिनच्या रेषेत. चार पिस्टन, आठ मापे, सुनेने वहीत लिहून घेतली. यात सर्वांत जास्त येणारे माप धरायचे असते, सरासरी नव्हे. कारण सर्वांत वर येणारा पिस्टन हेडला लागला तर बाकीचे तिघे खाली असल्याचा काही उपयोग नाही.

हे माप कशाला, तर अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केट दोन-तीन जाडींत येतात, आणि कोणती जाडी हे गॅस्केटच्या कडेला असलेल्या भोकांवरून किंवा खाचांवरून ओळखायचे असते. उदाहरण द्यायचे तर फोक्सवॅगनचे १.९ लिटरचे टीडीआय इंजिन, जे स्कोडा ऑक्टाव्हियातून आपल्याकडेही आले. त्यात पिस्टन ०.९१ ते १.०० मिलिमीटर वर येत असेल तर एका भोकाचे गॅस्केट, १.०१ ते १.१० असेल तर दोन भोकांचे, आणि १.११ ते १.२० असेल तर तीन भोकांचे. या ताईंच्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे दोन भोकांचे गॅस्केट हवे होते. गाडीतून मूळ निघालेलेही दोन भोकांचेच होते. ते मुलाने शेडमध्ये टाकून दिले होते, फेकले नव्हते, म्हणून सापडले. गॅरेजवाल्याने बसवलेल्या गॅस्केटला एकच भोक होते. म्हणजे ते पातळ. गेले पंधरा दिवस सकाळी इंजिनातून ठकठक येत होती, तिचे कारण दादांच्या मते हेच. पिस्टनच्या माथ्यावर अजून खूण उमटली नव्हती. आणखी महिनाभर गाडी तशीच चालली असती तर खर्च कुठे गेला असता ते सांगवत नाही.

एवढ्याशा जाडीने काय होते, असा प्रश्न सुनेने विचारला. प्रश्न चांगला होता, म्हणून मी तिथेच वहीवर हिशेब मांडून दाखविला. १९९८च्या डिसेंबरात बाजारात आलेली आणि २०१८पर्यंत निघत राहिलेली इंडिका आपल्या पिंपरीच्या कारखान्यातली, तिचेच १४०५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७९.५. एका सिलिंडरचे आकारमान ३५१ घनसेंटिमीटर झाले. दाबाचे प्रमाण २२ धरले तर पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा १६.७ घनसेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन चहाचे चमचे. आता गॅस्केट ०.१ मिलिमीटरने जाड घातले, झेरॉक्सच्या एका कागदाइतके, तर या जागेत ०.४४ घनसेंटिमीटरची भर पडते आणि प्रमाण २२ वरून साडेएकवीसवर येते. दोन कागद जाड घातले तर २१ वर. डिझेल गाडीत ठिणगी नसते, हवा दाबून तापते आणि तिच्या उष्णतेने डिझेल पेटते. दाब कमी तर उष्णता कमी, मग थंडीच्या दिवसांत गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, धूर काढते. पातळ घातले तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला लागण्याची भीती. पेट्रोल गाडीत पातळ गॅस्केटने दाब वाढून इंजिन ठोके मारू लागते. "थोडं इकडं तिकडं चालतं" म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

यातूनच पुढचा प्रश्न निघतो. वाकलेले हेड फेसिंग करून सपाट करतात, म्हणजे त्याची पातळ साल काढतात. जेवढी साल गेली तेवढे हेड खाली आले. काही इंजिनांसाठी म्हणूनच जास्त जाडीचे दुरुस्तीचे गॅस्केट मिळते. काही डिझेल हेडना मात्र फेसिंग करण्याची परवानगीच नसते. मशीन शॉपमध्ये हेड देताना आधी पुस्तिका पाहावी, आणि नंतर किती शतांश मिलिमीटर काढले ते बिलावर लिहून मागावे. यांच्या मशीनवाल्याने आधी कुरकुर केली. दादा समोर उभे राहिल्यावर त्याने लिहून दिले.

आता त्या तीन प्रकारांविषयी. एक, ग्राफाइटचे किंवा तंतूंच्या मिश्रणाचे पत्र्याच्या गाभ्यावरचे गॅस्केट, म्हणजे आपले जुने ओळखीचे. दुसरे, पोलादी पत्र्यांचे अनेक थर असलेले, त्याला बाजारात एमएलएस म्हणतात. १९९०च्या दशकापासून नव्या गाड्यांत तेच वाढत गेले. तिसरे तांब्याचे, ते शर्यतीच्या किंवा फार जुन्या इंजिनांसाठी, घरच्या गाडीला त्याचे काम नाही. एमएलएस अधिक टिकाऊ आहे यात शंका नाही, परंतु त्याला खालचा-वरचा माथा आरशासारखा गुळगुळीत लागतो, खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आसपास किंवा कमी. मिश्रणाचे गॅस्केट दीड-दोन मायक्रॉनही सांभाळून घेते, कारण ते मऊ असते आणि खाचांत बसते. तेव्हा जुन्या मशीनवर जाडेभरडे फेसिंग करून वर महागाचे एमएलएस घालणे म्हणजे पैसे देऊन गळती विकत घेणे होय. माझे मत विचाराल तर कारखान्याने त्या इंजिनाला मुळात ज्या प्रकारचे दिले त्याच प्रकारचे घालावे. बदल करायचाच असेल तर आधी मशीन शॉपवाल्याला खडबडीतपणा मोजता येतो का, ते विचारावे. मोजता येत नसेल तर विषय संपला.

सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन घातले असतील तर आणखी एक पाहावे. गॅस्केटच्या छिद्राभोवती धातूची जी कडी असते ती नव्या मोठ्या व्यासाच्या आत डोकावता कामा नये, नाहीतर ती लाल तापते आणि जळते. कोरडे गॅस्केट ब्लॉकवर ठेवून प्रत्येक छिद्र डोळ्यांनी पाहावे. पाण्याची काही भोके ब्लॉकपेक्षा गॅस्केटमध्ये लहान दिसतील. ती चूक नव्हे, पाणी शेवटच्या सिलिंडरपर्यंत पोहोचावे म्हणून ती तशी ठेवलेली असतात. ती कापून मोठी करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

बोल्टांचे थोडक्यात सांगतो. ज्या इंजिनात आधी ठराविक जोर आणि नंतर ठराविक अंश असे आवळायचे असते, त्यातील बोल्ट ताणले जाऊन लांबतात. त्यांची लांबी मोजावी, किंवा सरळ नवे घ्यावेत. बोल्टच्या भोकात तेल-पाणी साचलेले राहिले तर आवळताना ब्लॉक तडकू शकतो. आवळण्याचा क्रम बहुधा मधून बाहेर असा. एमएलएसला वरून सोल्युशन फासू नये.

खरेदी करताना भागाचा क्रमांक लिहून न्यावा. नाना पेठेत काय आणि पिंपरीत काय, चांगला माल मिळतो तसा नकलीही मिळतो. फरिदाबादची टालब्रोस, बडोद्याची बँको अशा जुन्या गॅस्केट बनवणाऱ्या कंपन्या आपल्या देशातच आहेत, तेव्हा बिननावाच्या पाकिटाच्या मागे लागण्याचे कारण नाही. पक्के बिल घ्यावे. बिल नाही तर तक्रारही नाही. पातळ आणि योग्य गॅस्केट यांच्या किमतीत जो फरक होता तो या ताईंच्या एका दिवसाच्या डब्यांहून कमी होता. गाडी दुसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा सहा दिवस भाच्याच्या रिक्षाने डबे गेले, आणि साठांपैकी अकरा गिऱ्हाईके तुटली. हे सारे त्यांच्या वहीत तारखेनिशी लिहिलेले आहे.

एक सूचना गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांसाठी. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. पद्मिनी, ॲम्बॅसेडर अशा गाडीचे इंजिन आजही कुणी उघडते. ते चिकटलेले गॅस्केट कोरडे घासून, वरून हवेच्या पाइपने उडवू नये. ती धूळ छातीत जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी आजार होऊन बाहेर येते. भिजवून खरवडावे, ओल्या फडक्याने पुसावे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले, आणि अशा कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांत जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवण्यास कारखान्यांना सांगितले. रस्त्याकडेच्या गॅरेजातील पोराची नोंद कोण ठेवणार? त्याने निदान तोंडाला चांगला मास्क बांधावा.

आणि गाडी मुळात तापली का? हे पहिल्या गॅरेजवाल्याने विचारले नव्हते आणि दुसऱ्या वेळी दादांनीही ते सर्वांत शेवटी पाहिले. रेडिएटरचा पंखा सुरू करणारा स्विच मेला होता. रस्ता मोकळा असताना वाऱ्याने भागत होते, चौकात गाडी उभी राहिली की पंखा फिरत नव्हता. सगळ्या खर्चात हा भाग सर्वांत स्वस्त होता.

गाडी आता पुन्हा चाकणला जाते. तुटलेल्या अकरांपैकी सात परत आले आहेत. मुलाला ताईंनी एवढेच बजावले आहे की काटा वर गेला तर गाडी बाजूला घे आणि फोन कर, डबे मी रिक्षाने पाठविते. आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नकोस.