जुनें घर घेणाऱ्या बांधवांस इशारा

गांवची अर्धा एकर जमीन विकून, बायकोच्या अंगावरचें सोनें मोडून आमचा सुतार, कुंभार, शेतकरी बंधु वसई-विरारकडील जुन्या वसाहतींत दोन खोल्या घेतो. समुद्र जवळ, गाडी जवळ, भाव मुंबईहून कमी, एवढें पाहून तो हुरळतो. दलाल गोड बोलतो आणि आमचा बंधु, अंगठा उठवावा तशी, न वाचतां सही करून मोकळा होतो!

२०२५ सालच्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यांत काय झालें तें आठवावें. सांडपाणी व कचरा यांच्या सोयीसाठीं राखलेल्या जागेवर उठविलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या हुकुमानें पाडण्यांत आल्या. रस्त्यावर आलीं तीं पैसे मोजून राहणारीं कुटुंबें. गुन्हा एकाचा, शिक्षा दुसऱ्यास!

म्हणून आमचें सांगणें असें कीं, भिंतीचा रंग पाहण्याआधीं कागद पाहावा. सातबारा कोणाच्या नांवें आहे? जमीन बिनशेती झाली काय? बांधकामाचा परवाना व भोगवट्याचा दाखला खरा कीं बनावट, हें पालिकेच्या कचेरींत स्वतः जाऊन विचारावें. १९६३ च्या कायद्यानें बांधणाऱ्यानें जमीन सोसायटीच्या नांवें करून देणें भाग आहे; पण जुन्या वसाहतींत ती पुष्कळदां मूळ मालकाच्याच नांवें राहते. मग इमारत नवी बांधतांना तंटा ठरलेला. अशा सोसायटीनें जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा. किनारा जवळ असल्यास १९९१ पासून लागू झालेले किनाऱ्याचे निर्बंध पुनर्बांधणीच्या आड येतात काय, हेंहि विचारावें.

खारा वारा लोखंड खातो. छताचा गिलावा फुगला असेल, सळई उघडी पडली असेल, तर सावध व्हावें. घर पाहतांना आपल्यांतलाच जाणता गवंडी बरोबर न्यावा; दलालाच्या जिभेपेक्षां त्याची हातोडी खरें बोलते.

सरकारासहि आमचें एक मागणें आहे. मुद्रांकाचे पैसे भरून दस्त नोंदला कीं घर कायदेशीर झालें, असें गरिबास वाटतें. तें खरें नव्हे; नोंदणीनें बेकायदा इमारत कायदेशीर होत नाहीं. मग अनधिकृत इमारतींची यादी नोंदणी-कचेरीच्या दारावरच ठळक मराठींत कां लावूं नये?

पूर्वीं कुळकर्ण्याच्या दप्तरांत काय लिहिलें आहे हें न कळल्यानें आमचे बापजादे बुडाले. आज सातबारा संगणकावर कोणासहि पाहतां येतो. तरी तो न पाहतां आम्ही बुडालों, तर बोल कोणास लावावा?