अपंगत्वाचे कागद ग्रुपवर टाकू नका



मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः आलं तर अडीच लाख रुपये मिळतात. हा आपला हक्क. पण त्यासाठी दवाखान्याची अख्खी फाईल, आधार, पासबुक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आम्हाला पटत नाही. हात गेला हे लोकांना दिसतंच. फाईलीत मात्र फिट्स, टीबी, मनाच्या आजाराच्या गोळ्याही लिहिलेल्या असतात. उद्या तेच वाचून कोणी बोटीवर घेणार नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे: मागितलं तेवढंच द्या, आणि पोच घ्या. जास्तीचा कागद मागितला तर कशासाठी, ते विचारा. झेरॉक्सवर काम आणि तारीख लिहा. चालत असेल तिथे मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. ओटीपी कोणालाच सांगू नका, आम्हालासुद्धा.

बोटमालकांनो, खलाशाचे रिपोर्ट पुढे पाठवू नका. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर जाळं टाकणाऱ्यालाही तो आहे.

कागद संस्थेत हातोहात आणा. काम झालं की फोटो तुमच्यासमोरच डिलीट करू.