वीस मिनिटांचा सेतू, तीस दिवसांचा हिशेब

"मुंबई आता वीस मिनिटांवर आली, उरणकरांना प्रवासखर्चाची चिंता कसली?" १२ जानेवारी २०२४ पासून हे वाक्य आपण ऐकत आहोत. त्या एकाच दिवशी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि खारकोपरला थांबलेली लोकल उरणला पोचली. हा पक्ष मांडणारे म्हणतात, सेतू आहे, लोकलचा स्वस्त पास आहे, मोऱ्याची लाँच पिढ्यान्‌पिढ्या आहेच. तीन वाटांतली परवडेल ती धरावी.

ऐकायला हे पटते. पण महिनाभर रोज जाऊन-येऊन पाहिले की यातली एकेक वाट हिशेबात तोकडी पडते.

आधी सेतू. २१.८ किलोमीटरचे हे अंतर वीस मिनिटांत कापते ती मोटार. दुचाकी आणि रिक्षाला तिथे मज्जाव आहे, आणि उरणच्या नोकरदाराच्या दारात बहुधा दुचाकीच असते. मोटार असली तरी टोल बघा. सेतू सुरू झाला तेव्हा पूर्ण पल्ल्याचा दर ठरला तो असा: एकेरी २५० रुपये, जाऊन-येऊन ३७५, मासिक पास १२,५००. पंचवीस दिवस जाऊन-येऊन केले तर होतात ९,३७५ रुपये. तिसही दिवस गेलात तरी ११,२५०. म्हणजे दिवसातून एकदाच जाऊन येणाऱ्याला मासिक पास कधीच फायद्याचा ठरत नाही. इंधन आणि मुंबईतले पार्किंग यावर वेगळेच.

मग लोकल. तिचा पास खरोखर स्वस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती नेरूळ-बेलापूरपर्यंतच नेते, पुढे हार्बरची गाडी बदलावी लागते. केगाव-नागावसारख्या गावांतून उरण स्टेशन गाठायला रिक्षा लागते. दोन गाड्यांमधले अंतर मोठे असल्याने एक चुकली की कामाचा खाडा किंवा महागडे वाहन, यातून निवड करावी लागते. पासावर छापलेली किंमत फक्त रुळावरची असते.

उरली लाँच. मोरा ते भाऊचा धक्का ही मुंबईची सरळ वाट. पण ओहोटीला मोऱ्याच्या गाळात लाँच धक्क्याला लागत नाही. पावसाळ्यात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की सेवाच बंद. धक्क्यावरून डॉकयार्ड रोड स्टेशन किंवा बस गाठायची ती निराळीच.

या पक्षाची मूळ चूक इथे आहे. तो प्रत्येक वाटेचा सर्वांत चांगला दिवस उचलतो आणि त्यालाच सरासरी म्हणतो. घर मात्र तिसही दिवसांच्या बेरजेवर चालते.

म्हणून माझा पक्ष असा. पहिली नोकरी लागलेल्या मुला-मुलींनी प्रवासखर्च उंबरठ्यापासून कामाच्या खुर्चीपर्यंत मोजावा. पास, दोन्ही टोकांची रिक्षा, लाँच, बस, सगळे एका ओळीत लिहावे. लोकलचा पास पाया धरावा, लाँचला भरती-ओहोटीच्या वेळा पाहून जोड द्यावी. आठवड्यातला एक दिवस गाडी चुकेल, बावटा लागेल, असे धरून तेवढे पैसे वेगळे काढावेत. एकूण आकडा पगारातून वजा करून उरेल तोच खरा पगार, आणि नोकरी घ्यायची की नाही हे त्यावरच ठरवावे.

पण वहीतली काटकसर पुरेशी नाही. २०२४ मध्ये बेस्टने बेलापूर ते कफ परेड अशी बस सेतूवरून सुरू केली. म्हणजे सेतूवरून सार्वजनिक वाहन धावू शकते. मग उरणच्या एसटी आगारातून कामाच्या वेळेला परवडणाऱ्या दरात पुरेशा गाड्या सुटाव्यात. लोकल, लाँच आणि बस यांना एकच पास असावा. मोऱ्याचा गाळ वेळेवर निघावा.

ही मागणी उपकाराची नाही. बंदर आणि सिडकोच्या प्रकल्पांसाठी या तालुक्याने जमिनी दिल्या. जानेवारी १९८४ मध्ये रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. ज्यांच्या जमिनीवरून महानगराच्या वाटा गेल्या, त्यांच्या नातवंडांना त्या वाटेने रोज कामाला जाणे परवडले पाहिजे. मुंबई उरणच्या किती जवळ आली, हे मिनिटांवरून ठरवू नका. महिनाअखेरीस त्या नातवंडांच्या हातात किती उरले, ते विचारा.